ऑफिसच्या डेस्क फोनचा व्हॉइसमेल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या ऑफिसात ॲस्टेरिस्क किंवा फ्रीपीबीएक्सवर चालणारी फोन सिस्टीम आहे त्यांच्यासाठी हे लिहिलंय. पुण्याच्या आसपासच्या छोट्या कंपन्यांमध्ये जुना ईपीएबीएक्स काढून हल्ली बरेचदा हेच बसवतात. दुसऱ्या कंपनीची सिस्टीम असेल तर बटणांचे नंबर वेगळे असतील, पण ग्रीटिंग, पिन वगैरेचं जे लिहिलंय ते तिथेही चालेल.

व्हॉइसमेल लागतोच कशाला? आपल्याकडे कोण मेसेज ठेवतं?

खरंय, आपल्याकडे माणूस बीप ऐकला की फोन ठेवतो आणि मग मिस्ड कॉल बघून तुम्हीच करा म्हणून वाट बघतो, नाहीतर सरळ व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाकतो. म्हणूनच माझं म्हणणं असं की आपल्याकडे मेसेज रेकॉर्ड होणं हा बोनस समजा, खरं काम ग्रीटिंगचं आहे. फोन करणाऱ्याला बीपच्या आधीच कळलं पाहिजे की फोन बरोबर ठिकाणी लागलाय का, तुम्ही कधी भेटाल आणि घाई असेल तर कुठे जायचं. एवढं ऐकून त्यानं फोन ठेवला तरी त्याचं काम झालं. खालची निम्मी उत्तरं याच हिशोबानं दिलेली आहेत.

पहिल्यांदा मेलबॉक्समध्ये जायचं कसं?

स्वतःच्या डेस्कवरून *९७ लावा. फोन तुमचाच आहे हे सिस्टीमला माहीत असतं त्यामुळे ती फक्त पासवर्ड मागते, पिन टाका आणि हॅश दाबा. दुसऱ्याच्या डेस्कवरून लावत असाल तर *९८, तिथे आधी मेलबॉक्स नंबर म्हणजे तुमचं एक्स्टेंशन आणि मग पिन. तिथे सुरुवातीलाच सिस्टीमची बाई 'कॉमेडियन मेल' म्हणते, ते ऐकून कुणीतरी मस्करी केलीय असं दर महिन्याला कुणाला तरी वाटतं. मस्करी नाही, ॲस्टेरिस्कच्या व्हॉइसमेलचं नावच ते आहे.

सुरुवातीचा पिन ॲडमिनने दिलेला असतो आणि खूप ठिकाणी तो एक्स्टेंशन नंबरच असतो. तो तसाच ठेवू नका, पुढे एक वेगळा प्रश्न आहे त्यावर.

आत गेल्यावर बाई इतकं भराभर बोलते, नेमकं काय दाबायचं?

मेन मेनूत १ म्हणजे मेसेज ऐका, २ म्हणजे फोल्डर बदला, ३ ॲडव्हान्स्ड, ० म्हणजे तुमच्या मेलबॉक्सची सेटिंग, # म्हणजे बाहेर. पर्सनलाइज करायचं ते सगळं शून्यात आहे:

० मग १: तुम्ही फोन उचलला नाहीत तर वाजणारं ग्रीटिंग
० मग २: तुम्ही दुसऱ्या फोनवर बिझी असाल तेव्हाचं
० मग ३: फक्त तुमचं नाव
० मग ४: तात्पुरतं ग्रीटिंग, सुट्टीसाठी
० मग ५: पिन बदला

रेकॉर्ड करून झालं की # दाबायचं, मग १ म्हणजे ठीक आहे ठेवा, २ म्हणजे ऐकवा, ३ म्हणजे परत रेकॉर्ड करतो. इथे बरेच जण बोलून झाल्यावर सरळ फोन आपटतात आणि मग 'माझं ग्रीटिंग कुठे आहे' म्हणून विचारत येतात. # दाबा, १ दाबा, सिस्टीम 'सेव्ह झालं' म्हणेपर्यंत थांबा आणि मगच ठेवा.

चारही रेकॉर्ड करायलाच पाहिजेत का?

नाही. १ आणि ३ करा, बाकीचं नंतर बघू. बिझीचं वेगळं केलं नाही तर सिस्टीमचं स्वतःचं इंग्रजी वाक्य वाजतं, त्यात तुमचं नाव रेकॉर्ड असेल तर नाव येतं आणि नसेल तर 'एक्स्टेंशन टू वन फोर' असं आकड्यांत येतं. नाव रेकॉर्ड करा म्हणतोय ते यासाठी, दोन सेकंदांचं काम आहे आणि डायल बाय नेम डिरेक्टरीत, म्हणजे नावावरून एक्स्टेंशन शोधायच्या यादीत, पण तेच वापरलं जातं. नाव सांगताना 'हॅलो हॅलो मी बोलतोय' असलं काही नको, नुसतं नाव आणि आडनाव, कारण ते दुसऱ्या वाक्याच्या मधोमध बसतं.

ग्रीटिंगमध्ये बोलायचं काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि यावरच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. 'मी सध्या उपलब्ध नाही, कृपया बीपनंतर आपला संदेश ठेवा' यातून ऐकणाऱ्याला काय मिळालं? तुम्ही उपलब्ध नाही हे त्याला आधीच कळलंय, म्हणून तर तो हे ऐकतोय.

स्टोअर्सवाल्यासाठी असं करून बघा:

'नमस्कार, हा स्टोअर्सचा नंबर आहे. मटेरियल उतरवण्याची वेळ सकाळी १० ते दुपारी ४. गाडी गेटवर आली असेल तर आत्ताच शून्य दाबा. बाकी कामासाठी पीओ नंबर आणि तुमचा मोबाईल नंबर बीपनंतर सावकाश सांगा, आजच्या आज फोन येईल.'

अकाउंट्ससाठी:

'नमस्कार, अकाउंट्स. पेमेंटची चौकशी असेल तर बिल नंबर, बिलाची तारीख आणि पार्टीचं नाव सांगा, उद्या दुपारपर्यंत कळवतो. बिलाची कॉपी पाठवायची असेल तर ईमेलवरच पाठवा, इथे नुसतं सांगून एंट्री होत नाही.'

शेवटचं वाक्य थोडं तिखट आहे पण त्यानं कामं वाचतात. आणि जे सांगाल ते पाळा, 'आजच्या आज' म्हणालात आणि तीन दिवस फोन केला नाहीत तर पुढच्या वेळी तो माणूस मेसेज ठेवणार नाही, थेट तुमच्या साहेबांना फोन करेल. जमणार नसेल तर 'दोन दिवसांत' म्हणा, कुणी रागावत नाही.

शून्य दाबून ऑपरेटरकडे जाण्याची सोय ॲडमिनने चालू केलेली असावी लागते, ती आहे का ते आधी विचारा आणि मगच ग्रीटिंगमध्ये सांगा. नाहीतर माणूस शून्य दाबत बसतो आणि काहीच होत नाही.

मराठीत ठेवू की हिंदीत की इंग्रजीत?

तुम्हाला फोन कोण करतं ते बघा. ट्रान्सपोर्टवाले, व्हेंडर, कामगार कॉन्ट्रॅक्टर असतील तर मराठी आणि पाठोपाठ हिंदीत एक वाक्य. बाहेरच्या राज्यातले कस्टमर असतील तर मराठी आणि इंग्रजी. तिन्ही भाषांत तेच तेच सांगत बसलात तर पाऊण मिनिट जातं आणि शेवटचा माणूस आपली भाषा येईपर्यंत थांबत नाही. एकूण २० सेकंदांच्या आत बसवा. दुसऱ्या भाषेत पूर्ण भाषांतर करायची गरज नसते, 'अर्जंट है तो ज़ीरो दबाइए' एवढं पुरतं.

मराठी पण बोलतो तशी ठेवा. 'आपला दूरध्वनी आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं प्रत्यक्षात कुणी म्हणतं का?

सिस्टीमची बाई मराठीत बोलू शकते का?

होऊ शकतं, पण मेहनत आहे. सिस्टीमसोबत जो आवाज येतो तो इंग्रजी, ॲलिसन स्मिथ नावाच्या व्हॉइस आर्टिस्टचा. भाषेनुसार वेगळं फोल्डर करून तुमच्या मराठी फाइली त्याच नावांनी टाकता येतात, 'पासवर्ड टाका', 'नवीन मेसेज', 'शून्य दाबा' असली वाक्यं एका दुपारी रेकॉर्ड होतात. अडतं ते आकड्यांवर. इंग्रजीत ट्वेंटी आणि फाइव्ह अशा दोन फाइली जोडल्या की पंचवीस झालं, मराठीत पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न प्रत्येक शब्द स्वतंत्र, म्हणजे १ ते ९९ सगळे आकडे एकेक करून रेकॉर्ड करायचे आणि शिवाय आकडे कसे जोडायचे त्याची सेटिंगही बदलायची. त्यापेक्षा बाहेरच्या माणसाला जे ऐकू जातं तेवढं, म्हणजे ग्रीटिंग आणि मुख्य आयव्हीआर ('अमुक कामासाठी एक दाबा' सांगणारा मेनू), मराठीत करा आणि आतला मेनू इंग्रजी राहू द्या. स्टाफला आठवड्याभरात बटणं पाठ होतात.

मोबाईलवर छान रेकॉर्ड केलेलं ग्रीटिंग अपलोड करता येतं का?

येतं, यूझर कंट्रोल पॅनल म्हणून सिस्टीमचं वेब पेज असतं, त्यात व्हॉइसमेलच्या खाली ग्रीटिंगचा भाग आहे, तिथून ब्राउझरनेच अपलोड होतं. काही गडबड झाली तर फाइल आधी डब्ल्यूएव्ही, मोनो, १६ बिट, ८००० हर्ट्झ अशी करून घ्या, ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये दोन मिनिटांत होतं.

पण एक सांगतो, फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. त्यामुळे महागडा माइक लावून केलेलं रेकॉर्डिंग आणि डेस्कच्या रिसीव्हरमधून केलेलं रेकॉर्डिंग यात ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. फरक पडतो तो मागच्या आवाजानं. पंखा बंद करा, कॉन्फरन्स रूममध्ये जा, स्पीकर मोडवर रेकॉर्ड करू नका.

मागे सनई किंवा आरतीचं म्युझिक टाकू का?

नको. वर सांगितलं तेवढ्या पट्टीत आणि वरून कॉम्प्रेस होऊन म्युझिकचा नुसता चिखल होतो, तुमचा आवाज त्यात बुडतो. दिवाळीत खूपच हौस असेल तर तोंडानं शुभेच्छा द्या.

सुट्टीत काय करायचं? दर वेळी ग्रीटिंग बदलायचं?

मूळ ग्रीटिंगला हात लावू नका. ० मग ४, तात्पुरतं ग्रीटिंग, ते असेपर्यंत बाकीची दोन्ही झाकली जातात, उचलला नाही आणि बिझी दोन्ही वेळेला हेच वाजतं. परत आल्यावर ० मग ४ मग २ केलं की ते पुसलं जातं आणि जुनं आपोआप परत येतं.

गणपतीला गावी जाणाऱ्यांनी तारीख सांगा, 'पाच दिवस सुट्टीवर आहे' म्हणू नका, कारण ऐकणाऱ्याला पाच दिवस कधीपासून ते माहीत नसतं. 'सोमवारी ऑफिसला येईन' म्हणालात तरी कुठला सोमवार ते येतंच, म्हणून तारीखच. आणि रजेच्या काळात कोण बघणार त्याचं एक्स्टेंशन. भोसरी-चाकणच्या बाजूला ज्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते त्यांनी ते कायमच्या ग्रीटिंगमध्येच टाका, मुंबईच्या किंवा बाहेरच्या पार्टीला गुरुवारी फोन का उचलत नाहीत ते कळत नाही, ते रविवार धरून चालतात.

दसरा झाला तरी गणपतीचं ग्रीटिंग वाजतंय हा प्रकार दर वर्षी कुठे ना कुठे होतोच. ॲडमिनला सांगून तात्पुरत्या ग्रीटिंगची आठवण चालू करून घ्या, मग मेलबॉक्समध्ये शिरताना सिस्टीमच सांगते की तात्पुरतं ग्रीटिंग अजून चालू आहे.

किती रिंगनंतर व्हॉइसमेलला जावं?

मुळात १५ सेकंदांवर सेट असतं. आपल्याकडची 'ट्रिंग ट्रिंग' अशी जोडरिंग साधारण ३ सेकंदांना एकदा येते, म्हणजे पाच वेळा वाजून फोन मेलबॉक्सला जातो. टेबलवर बसणाऱ्याला ठीक आहे, पण शॉप फ्लोअरवर फोनपर्यंत चालत यायला लागतं तिथे २५ ते ३० करा. त्याहून जास्त नको, तोपर्यंत समोरचा कंटाळतो.

फोन मोबाईलवर फॉरवर्ड केलाय, मग मेसेज कधी ऑफिसच्या बॉक्सात येतो कधी नाही, असं का?

मोबाईल बंद असेल किंवा रेंज नसेल तर कधीकधी कंपनीची 'आपण ज्यांच्याशी संपर्क' वाली टेप लागते किंवा मोबाईल कंपनीचाच व्हॉइसमेल उचलतो आणि आपल्या सिस्टीमला वाटतं माणसानं फोन उचलला. कॉल तिथेच संपतो, ऑफिसच्या बॉक्सात काहीच येत नाही. फॉलो मी मध्ये, म्हणजे कॉल मोबाईलवर पाठवायच्या सेटिंगमध्ये, कन्फर्म कॉल्स म्हणून एक पर्याय आहे, तो चालू केला की मोबाईलवर उचलणाऱ्याला १ दाबावं लागतं. टेप काही १ दाबत नाही, त्यामुळे कॉल परत ऑफिसच्या मेलबॉक्सकडे वळतो.

आणि याच निमित्तानं, कुणी अनोळखी माणूस फोन करून स्वतःला कुरिअरवाला किंवा कस्टमर केअर म्हणवत मोबाईलवर *४०१* लावून अमुक नंबर डायल करा म्हणाला तर करायचं नाही. त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडे फॉरवर्ड होतात, ओटीपीचे सुद्धा.

फोनवरचा मेसेजचा लाल दिवा लागतच नाही / बंदच होत नाही

दिवा नवीन मेसेज असेल तेव्हाच लागतो, एकदा ऐकलेला मेसेज जुन्या फोल्डरला जातो आणि दिवा विझतो. ऐकूनही विझत नसेल तर सगळे ऐकलेत का बघा, एखादा मध्येच सोडलेला असतो. कधीच लागत नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये मेलबॉक्स नंबर भरलेला नाही, आयटीला सांगा.

मेसेज ईमेलवर येतील का?

हो, आणि हेच सगळ्यात सोयीचं आहे, ऑडिओ फाइल मेलला जोडून येते आणि मोबाईलवर ऐकता येते. दोन सेटिंग नीट समजून घ्या. एक 'अटॅच', म्हणजे फाइल मेलला जोडायची की नाही. दुसरं 'डिलीट', म्हणजे मेल गेल्यावर सिस्टीममधला मेसेज पुसायचा की नाही. अटॅच 'नाही' आणि डिलीट 'हो' असं कॉम्बिनेशन झालं तर मेल येतो की तुम्हाला मेसेज आलाय, आणि मेसेज कुठेच नसतो. फक्त मेलवरच ऐकणार असाल तरच डिलीट चालू करा, आणि तेव्हा दिवा लागणार नाही हेही लक्षात ठेवा.

साध्या डब्ल्यूएव्ही फाइलीत एका मिनिटाला जवळजवळ १ एमबी जातो, जीएसएमवाला डब्ल्यूएव्ही ठेवला तर १०० केबीच्या आसपास. आवाज थोडा खरखरीत होतो पण साइटवर डेटा कमी असणाऱ्यांना तोच बरा. मेल येतच नसेल तर स्पॅम बघा. जीमेलमधून पाठवत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड म्हणजे त्या कामापुरता वेगळा पासवर्ड काढावा लागतो.

मेसेजची वेळ चुकीची सांगते. सकाळी ११ चा मेसेज पहाटे साडेपाचचा म्हणते.

साडेपाच तासांचा फरक म्हणजे सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असणाऱ्या जागतिक वेळेवर चाललाय. व्हॉइसमेलचा टाइमझोन वेगळा सेट करता येतो, तिथे एशिया कोलकाता करायला सांगा.

निम्म्या मेसेजमध्ये नुसतं टूं टूं टूं आहे, हे काय?

लँडलाइन जुनी तांब्याची असेल तर हे होतंच. समोरच्यानं फोन ठेवला हे लाइन सिस्टीमला सांगत नाही, त्यामुळे त्याच्यानंतरचा बिझी टोन पण मेसेज म्हणून रेकॉर्ड होत राहतो आणि तेवढा वेळ ती लाइनही अडकून राहते, हे जास्त वाईट. उपाय दोन. लाइनवाल्याकडून पोलॅरिटी रिव्हर्सल, म्हणजे फोन ठेवल्याची लाइनवरची खूण, चालू करून मिळतं का ते विचारा, ते मिळालं तर उत्तम. नाहीतर लँडलाइन ज्या कार्डाला जोडलीय त्याच्या सेटिंगमध्ये बिझी डिटेक्ट चालू करून भारतातला टोन सांगा, ७५० मिलिसेकंद आवाज आणि ७५० शांतता. बऱ्याचदा इन्स्टॉल करणाऱ्यानं देश अमेरिका तसाच सोडलेला असतो, तिथला टोन ५०० आणि ५०० चा, मग आपला टोन ओळखणार कसा.

बीप ऐकून ठेवून देणाऱ्यांचे दोन सेकंदांचे रिकामे मेसेज पण वैताग देतात. किमान लांबी लावून घ्या, म्हणजे त्याहून छोटं असेल ते साठवलंच जात नाही. फक्त किती शांततेनंतर रेकॉर्डिंग थांबवायचं तो आकडा या किमान लांबीपेक्षा कमी ठेवा, नाहीतर रिकामे मेसेज परत येतात.

पिनचं एवढं काय? माझ्या मेसेजमध्ये गुपित काही नसतं.

ब्रिटनमध्ये न्यूज ऑफ द वर्ल्ड नावाचं मोठं साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद पडलं ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणात, आणि त्यातली एक सोपी पद्धत म्हणजे लोकांनी कधीच न बदललेले मोबाईल कंपनीचे ठरावीक पिन. पण ऑफिसला जास्त भीती बिलाची आहे. काही सिस्टीममध्ये मेलबॉक्सच्या आतून बाहेर कॉल लावता येतो, आणि ती सोय उघडी असेल तर कुणीतरी शनिवारी रात्री बाहेरून आत शिरून परदेशी नंबर लावत बसतो. ॲडमिनला विचारा की आमच्याकडे ती सोय बंद आहे ना, आणि गरज नसलेल्या एक्स्टेंशनवर आयएसडी बंद करून घ्या.

पिन सहा आकडी ठेवा. एक्स्टेंशन नंबर नको, १२३४ नको, जन्मसाल नको, गाडीचा नंबर तर अजिबात नको, तो पार्किंगमध्ये सगळ्यांना दिसतो.

पिन विसरलो.

सारखे प्रयत्न करू नका, तीन वेळा चुकलं की सिस्टीम कॉल तोडते. ॲडमिन एका मिनिटात बदलून देतो. जुना पिन काय होता ते मात्र त्याला विचारू नका आणि नवा पिन व्हॉट्सॲप ग्रुपवर मागू नका.

बाहेरून मेसेज ऐकता येतात का?

तुमच्याच नंबरवर फोन लावा, ग्रीटिंग सुरू झालं की * दाबा, पिन टाका. ॲडमिननं बंद ठेवलेलं असेल तर चालणार नाही. बटणं दाबली तरी काहीच होत नसेल तर पिन चुकीचा नसून डीटीएमएफचा, म्हणजे बटणांचे टोन पोचवण्याचा घोळ असतो, फोनवर आणि लाइनवर दोन्हीकडे आरएफसी २८३३ हेच सेटिंग आहे का ते बघायला सांगा.

मेसेज ऐकताना कामाची बटणं?

५ परत ऐका, ६ पुढचा, ४ मागचा, ७ डिलीट, ८ दुसऱ्याला फॉरवर्ड, ९ फोल्डरला ठेवा. ऐकता ऐकता * म्हणजे थोडं मागे, # थोडं पुढे, ० म्हणजे जरा थांब. मोबाईल नंबर लिहून घेताना * ची किंमत कळते, लोक शेवटचे पाच आकडे गिळून बोलतात. चुकून ७ दाबलं तर घाबरू नका, फोन ठेवायच्या आत परत ७ दाबलं की मेसेज परत येतो, ठेवल्यावर मात्र गेला.

ऑपरेटरनं कॉल थेट माझ्या मेलबॉक्सला टाकला तर? मी मीटिंगमध्ये असतो, रिंग नको.

एक्स्टेंशनच्या आधी * लावून ट्रान्सफर करायचं, म्हणजे २१४ च्या बॉक्साला *२१४. रिसेप्शनला एवढं सांगून ठेवा. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, नंतर करा' यापेक्षा 'त्यांच्या मेसेज बॉक्सला जोडून देते, काम सांगून ठेवा' म्हटलं तर लोक खरंच बोलतात, माणसानं सांगितलेलं असल्यामुळे असेल.

मेलबॉक्स भरला म्हणते

एका फोल्डरला साधारण १०० मेसेजची मर्यादा असते, भरलं की फोन करणाऱ्याला मेलबॉक्स फुल सांगून पुढचा मेसेज घेतच नाही. आकडा वाढवून मिळतो, पण ऐकलेले मेसेज पुसायची सवय लावलेली बरी.

कुणी नोकरी सोडली तर त्याच्या मेलबॉक्सचं काय करायचं?

त्याच दिवशी पिन बदला, ईमेल पत्ता काढा, नाहीतर तुमच्या कस्टमरचे मेसेज त्याच्या पर्सनल जीमेलला जात राहतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बॉक्स लगेच डिलीट करू नका, महिनाभर तात्पुरतं ग्रीटिंग ठेवा की हे काम आता अमुक एक्स्टेंशनवर बघतात, शून्य दाबा. नवा माणूस आला की जुनी चारही रेकॉर्डिंग, नावाचं आणि तात्पुरतं धरून, पुसून मग त्याला बॉक्स द्या, कारण नावाची फाइल सगळेच विसरतात आणि मग डिरेक्टरीत नव्या माणसाच्या नंबरवर जुन्याचं नाव ऐकू येतं.